वेड्या आत्याचं गाणं

अकोल्याहून निघालो तेव्हा मला निरोप द्यायला अंगणात चौदा माणसं होती. पंधरावी, माझी मोठी बहीण, आतल्या खोलीत होती. "तिला आतच राहू दे, लोक आलेत," आई म्हणाली. ताईच्या पाया न पडता रिक्षात बसलो. त्याला एकवीस वर्षं झाली. मधे सहा वेळा जाऊन आलो, दर वेळी वाकून नमस्कार केला; पण त्या दिवसाचा नमस्कार नंतर करून भरत नाही.

ताईचा आजार तेविसाव्या वर्षी सुरू झाला. समोर कोणी नसताना तिला आवाज ऐकू यायचे. त्याआधी ती गाणं शिकत होती, आणि माझा तबला तिनेच घरी पक्का करून घेतला. मांडीवर टाळी देत झपतालाच्या दहा मात्रा, पुन्हा पुन्हा. आजार बळावला तरी तिची मात्रा चुकली नाही. हे मी मोजून सांगतोय.

इथे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला आमचं मंडळ दोन-तीन वर्षांनी एक संगीत नाटक करतं. लिहिणारे, गाणारे सगळे आपलेच, नोकऱ्या सांभाळून. तबल्याला मी. आजवरच्या सात नाटकांपैकी तिनात वेडं पात्र होतं, आणि तिन्ही वेळा त्याच्या वाट्याला तसलंच गाणं: सूर वाकडा, शब्दांची खिचडी, ठेका मध्येच तुटलेला. लोक खदखदून हसले. वाजवताना मीही हसलो. ताईबद्दल मी इथे कोणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर उद्या माझ्या मुलीकडेही त्याच नजरेने बघतील, ही भीती.

गेल्या स्प्रिंगमध्ये मुलीच्या हायस्कूलचं म्युझिकल पाहिलं. ती ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवर होती. त्यातली आजारी आई टेबलावर ताटं मांडताना मोजत गाते, आणि दर कडव्यात एक ओळ गळते. ती अडली की वाद्यं तिच्यासाठी थांबतात. कोणी हसलं नाही. कारमध्ये मुलीने विचारलं, "बाबा, इज आत्या लाइक दॅट?"

"थोडीशी," मी म्हणालो.

खरं तर त्या गाण्यातही सगळं आलं नव्हतं. गोळ्या घेऊन दुपारभर झोपणं, थरथरत्या हातांनी लसूण सोलणं, महिनोन्महिने काहीच न घडणं, याला चाल कोण लावणार? पण तिथे निदान कोणी तरी तिच्यासाठी थांबलं होतं.

यंदा आमच्या नाटकात पुन्हा एक वेडी आत्या आली. तालमीत आमचे दिग्दर्शक दिलीपकाका म्हणाले, "इथे ठेका मोड रे, हशा पिकला पाहिजे."

"नाही मोडणार, काका."

"अरे यार, लास्ट टाइम काय धमाल उडवलीस! आज काय झालं?"

"माझी ताई अशीच आजारी आहे. ती ठेका सोडत नाही."

बोलून गेलो. समोसे मांडणाऱ्या काकूंचा हात थांबला. काका चष्मा पुसत बसले. मग आत्याचं काम करणारी स्मिता म्हणाली, "दादा, मग त्यांनाच विचारू या ना, कसं गाऊ ते."

पुढच्या रविवारी सकाळी तालमीतूनच व्हिडिओ कॉल लावला. आई कुजबुजली, "आत्ता कशाला रे? तिने केसही विंचरले नाहीत."

"असू दे. दे तिला."

ताई पडद्यावर आली. अंगाने सुटलीय, ओठ कोरडे. स्मिता गायली, मी वाजवलं. ताईने डोळे मिटून ऐकलं.

"पोरगी बरी गाते," ती म्हणाली. "तू धावतोस. पुन्हा."

तुम्ही तिकडे देशात मागे राहिलेले विचारता, आता घर कुठलं? माझ्यासारखे निघून आलेलेही हेच विचारतात. दोन्ही ठिकाणी दार उघडायला माझ्याकडे किल्ली आहे, पण उत्तर त्यात नाही. जिथे ताईचं नाव आवाज न उतरवता घेता येतं, ते घर, एवढंच मला आता सांगता येईल. त्या सकाळी ती तीनदा "पुन्हा" म्हणाली. तालमीची वेळ संपून गेली होती, आणि कोणी जागचं उठलं नाही.