टमाटर सरळच गेले

बायको सोडून आजवर कुणालाच सांगितलं नाही. जाम गावच्या वळणावर माझ्या थोरल्या भावानं मालाच्या दोराला मारलेली गाठ सुटली नव्हती. मी गाडी जोरात वळवली म्हणून दोर तुटला, आणि तो तुटलेला दोर मीच नालीत फेकून दिला.

टमाटरचे क्रेट रस्त्यावर पसरले. लोक जमले. मी पडलो विज्ञानाचा मास्तर. म्हणालो, "वळणावर माल बाहेर फेकणारं बल असतं. गाठ सैल असली की माल जाणारच." सगळ्यांना पटलं.

दादा फटफटीवर मागून येत होता. तो म्हणाला, "टमाटर कोणी फेकले नाई लेका. ते सरळच चालले होते, वळला तू!"

"पाहा, मास्तरले शिकवून राह्यला!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

बरोबर दादाच होता. वळणाऱ्या गाडीतून पाहिलं तरच ते बल दिसतं. रस्त्यावरून पाहिलं तर माल सरळ जात असतो आणि गाडी त्याच्याखालून वळते. हे मी वर्गात शिकवतो. त्या दिवसापासून दादाला माल बांधायला कुणी बोलावलं नाही.

बायको म्हणते, "आता काऊन उकरून राह्यले तुम्ही? इज्जत जाईन." गेली तर जाऊ दे. दादाची गेली तेव्हा मी हसत होतो.

भरल्या बाजारात, त्याच लोकांसमोर, "दोर माझ्यामुळे तुटला" एवढं सांगणं मी दादाला अजून देणं लागतो.