बाबांनी घर हातात घेतलं तेव्हा

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. लालबागच्या आमच्या चाळीत अशी बरीच घरं होती, त्यामुळे आपल्यावरच काही कोसळलंय असं मला वाटलं नाही. बाबा विणकाम खात्यात जॉबर होते. मागाला गिरणीत साचा म्हणत. हे साचे चालते ठेवायचं, बिघडले तर दुरुस्त करायचं काम त्यांचं. गिरणी बंद झाल्यावरही काही महिने ते इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी बाहेर पडत, इकडेतिकडे चौकशा करून जेवायला परत येत. मग तेही थांबलं आणि ते गॅलरीतल्या बाकड्यावर बसून राहू लागले.

आईनं परळच्या एका इस्पितळात आयाची नोकरी धरली. सातची पाळी, म्हणून ती साडेसहालाच निघायची ती दुपारी साडेतीनला यायची. तोवर घरात बाबा, आणि शाळेला जाईपर्यंत मी आणि माझा धाकटा भाऊ. आमची खोली दहा बाय बाराची. एवढ्याशा जागेत एका माणसानं एक वस्तू भलतीकडे ठेवली तर बाकीच्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. आई घरी होती तोवर हे आम्हाला कळलंच नव्हतं. तिच्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. अंथरुणं गुंडाळायची राहिली, मोरीत भांडी साठली, ओले टॉवेल पलंगावर, आणि भावाची पुस्तकं पिठाच्या डब्यावर.

शनिवारी शाळा अर्धी असायची, म्हणून आई आली तेव्हा आम्ही घरात होतो. ती उंबऱ्यापाशी थांबली, आत एकदा बघितलं. चप्पल काढली, पदर खोचला आणि मोरीत बसून भांडी घासायला लागली. बाबा गॅलरीतल्या बाकड्यावरून बघत होते. इस्पितळात दिवसभर लाद्या पुसून आलेली आई पुन्हा ओणवी झालेली त्यांनी पाहिली. नंतर कितीतरी वर्षांनी ते मला म्हणाले की ती ओरडली असती तर ते बाकड्यावरून उठलेही नसते.

सोमवारी आई गेल्यावर बाबांनी दार लावलं. दिवसाउजेडी चाळीत कुणी दार लावत नसे. आजारपण किंवा भांडण असलं तरच. बाबांनी कडी घातली, कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि पलंगाखालून केर काढायला सुरुवात केली. हात नवखा होता, धूळ आमच्याच अंगावर येत होती. भाऊ हसला, पण बाबांचा चेहरा बघून सुपडी घेऊन आला.

पंधरा दिवसांत त्यांनी घराला गिरणीची शिस्त लावली. म्हणाले, एका खोलीत चार माणसं म्हणजे पाळ्याच चालतात. पहाटे मोरी आईची, मग त्यांची, मग आमची. स्टोव्हपुढची जागा आधी स्वयंपाकाची, नंतर जेवणाची, नंतर माझ्या अभ्यासाची. गिरणीत पाळी संपली की साचा पुसून, दोरे-कचरा काढून मागून येणाऱ्याच्या ताब्यात द्यायचा, हा नियम होता. ते आमच्याशी एरवी शहरी मराठी बोलत, पण मनापासून काही सांगायचं झालं की मालवणी यायची. "मागच्याक साचो साफ मिळाक व्हयो, बाय," असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी आंघोळ करून मोरीत साबणाचा फेस तसाच सोडून आले होते. मी परत गेले आणि दोन तांबे पाणी ओतून आले.

मग सवयी पडत गेल्या. डोळे उघडले की आधी आपलं अंथरूण. ताटावरून उठताना ताट हातात घेऊनच उठायचं. टॉवेल पिळून गॅलरीतल्या दोरीवर टाकायचा, आणि कडेला कड जुळवून, नाहीतर बाबा काढून परत टाकायला लावत. दिवेलागणीच्या आधी दहा मिनिटं प्रत्येकानं फक्त आपली वस्तू उचलायची, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. हे मला फार आवडायचं. एरवी भावाचं पेन मी एकदा उचललं की पुढे ते रोज उचलणं माझ्याच नावावर पडायचं.

एकदा तर त्यांनी हद्द केली. गिरणीत हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असे; पाना जागेवर नसला की आकार रिकामा दिसायचा. बाबांनी हिरवा ऑइलपेंट आणला आणि स्टोव्हमागच्या भिंतीवर खिळे ठोकून पळी, झारा, किसणी, सांडशी, सगळ्यांचे आकार रंगवले. आई घरी आली आणि कपाळाला हात लावून बसली. भिंत घाण केलीत म्हणाली. दोन दिवस ती झारा मुद्दाम पळीच्या जागी टांगत होती. तिसऱ्या दिवशी रात्री दिवे गेले असताना तिला सांडशी हवी होती, ती हाताला बरोबर लागली. दुसऱ्या दिवशी झारा आपल्या जागी गेला.

दार मात्र बंदच असायचं. चाळीतल्या बायकांना कळलं होतं. पुरुषांनाही कळलं असणार. नळावर कुणीतरी हसत बाबांच्या केर-लादीबद्दल विचारायचं, आणि आई बादली उचलून चालू पडायची.

माझी शाळा दुपारची. एका सकाळी वर्गातली एक मैत्रीण वही मागायला आली आणि मी विचार न करता कडी काढली. बाबा लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून लादी पुसत होते. हातात पिळलेलं फडकं, कपाळावर घाम. मैत्रीण दारातच थबकली. मी घाईघाईनं तिला म्हटलं, "आईला बरं नाहीये ना, म्हणून." आई तेव्हा इस्पितळात दुसऱ्यांची अंथरुणं बदलत होती. बाबांनी ऐकलं. मान वर केली नाही, फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि उरलेला कोपरा पुसून काढला. मैत्रीण गेल्यावर मला वाटलं, ते काहीतरी म्हणतील. त्यांनी फक्त विचारलं की वही आठवणीनं परत घेशील ना.

त्या दिवसापासून ते आम्ही शाळेला गेल्यावरच लादी पुसू लागले. मला हे समजत होतं, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

दहा-बारा वर्षांनी मला बघायला गिरगावातून माणसं आली. मुलगा, त्याची आई आणि एक काका. तोवर बाबांना एका ऑफिसात वॉचमनचं काम लागलं होतं, पण घर अजून त्यांच्याच हातात होतं. पोहे झाले. मुलाच्या आईनं सावकाश सगळीकडे नजर फिरवली. भिंतीवरचे हिरवे आकार, माळ्यावर ओळीनं लावलेले डबे, दोरीवर कडेला कड जुळवलेले टॉवेल. मग ती माझ्या आईला म्हणाली, एवढ्याशा जागेत किती टापटीप ठेवलंयत तुम्ही, मुलीला चांगलं वळण लावलंय.

आई अशा वेळी हसून मान डोलवायची. त्या दिवशी तिनं हातातली बशी खाली ठेवली. म्हणाली, "वळण ह्यांचं आहे. मी नोकरी करते. घर हे बघतात."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते, हात मांडीवर. बाहेर गॅलरीत कान देऊन उभ्या असलेल्या शेजारणी दारापाशी सरकल्या. मग मुलगा, जो तोवर फक्त नाव-शिक्षणाची उत्तरं देत होता, त्यानं ते आकार कसले म्हणून विचारलं, आणि बाबा उठून त्याला हत्यारांच्या फळीबद्दल सांगायला लागले. बराच वेळ सांगत होते. लग्न जमलं ते त्यामुळे असं मी म्हणणार नाही, पण मी होकार दिला तो त्यामुळे.

माणसं गेल्यावर मी गॅलरीत बाबांपाशी जाऊन उभी राहिले. आई बोलली ते ऐकून मला माझंच बोलणं आठवलं होतं. त्या दिवशी मैत्रिणीला खोटं सांगितलं, मला लाज वाटत होती, असं मी त्यांना एकदाचं सांगून टाकलं. त्यांनी दोरीवरचा एक टॉवेल कडेला कड जुळवून सारखा केला. मग म्हणाले, "त्याच आठवड्यात गिरणीतला एक सोबती आला होता. मी भांडी घासत होतो. मी पण त्याला हेच सांगितलं, हिला बरं नाही."

आम्ही दोघं हसलो. आईनं आतून विचारलं काय झालं, तर बाबा म्हणाले, काही नाही, तुझ्या तब्येतीची चौकशी चाललीय.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. चाळही पडली, तिच्या जागी टॉवर आहे आणि बाराव्या मजल्यावर बाबा माझ्या भावाकडे राहतात. दोन खोल्या नि हॉल, तिघांची तीन कपाटं, आणि पसाऱ्याला लपायला हवी तेवढी जागा. भाऊ आणि वहिनी दोघंही कामावर जातात. केर-लादीला एक बाई येतात. बाबा ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना ओणवं होता येत नाही. मी रविवारी जाते तेव्हा ते हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकेक करून उचलत असतात आणि टेबलावर उलट्या ठेवत असतात, बाईंना वाकून सरकवाव्या लागू नयेत म्हणून. मी मदतीला गेले तर चालत नाही. मग बाई येतात, बाबा त्यांना चहा घेणार का विचारतात, आणि लादी वाळेपर्यंत आम्ही दोघं बाल्कनीत पाय आखडून बसून राहतो.