सरकीच्या ढिगाजवळचं आसन

झोपण्याआधी मी अंथरूण झटकतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. घरात त्याची थट्टा होते. का झटकतो, ते मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का, ते मला नीट सांगता येणार नाही.

मी यवतमाळला हायस्कुलात इतिहास शिकवतो. वाचन बरं आहे. हार, तुरे आणि मंचावरच्या खुर्च्या दिसल्या की मला हसू येतं, असा माझा लौकिक आहे, आणि तो मी मेहनतीनं जपला आहे. त्यामुळे बाभुळगावच्या रस्त्यावर, कापसातली सरकी काढायच्या एका जिनात कुणी स्वामीजी ध्यानाचं शिबिर घेणार, तिथंच मुक्काम, पूर्ण मौन — असं कळलं तेव्हा मी नाव दिलं ते मोक्षासाठी नव्हे. स्टाफरूममध्ये सांगून गेलो होतो, परत आलो की शाळा सुरू झाल्यावर महिनाभर पुरेल इतकं हसवतो.

कापसाचा हंगाम संपला की जिन ओस पडतं. तिथलं पत्र्याचं गोदाम झाडून आम्हाला दिलं होतं. एका कोपऱ्यात सरकीचा ढीग राहून गेलेला, भिंतीशी गाठी बांधायच्या दोरांची वेटोळी. नियम थोडेच होते. ज्याला जे आसन मिळालं ते त्याचं — तिथंच बसायचं, तिथंच झोपायचं. बोलायचं नाही. जो बोलला त्यानं सगळ्यांदेखत वळकटी उचलून घरी जायचं. फारच अडलं तर हात वर करायचा; मग व्यवस्थापक पाटी-पेन्सिल घेऊन येई, त्यावर लिहायचं. ही पाटी लक्षात ठेवा.

माझं आसन सरकीच्या ढिगाला लागून होतं. माझ्यापासून दोन आसनं सोडून, खांबाजवळ, दाराच्या वाऱ्याला, किसनराव होता. पुसदचा शिंपी. मौन सुरू व्हायच्या आधीच्या संध्याकाळी त्यानं माझ्या सदऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"खांदा उतरला तुमचा, गुरुजी. कोनं शिवला?"

मी नाव सांगितलं.

"मंग बरोबर हाय," तो म्हणाला. "शिबिर झालं का पुसदले या. नीट करून देतो."

तो इथं कशाला आला, असं विचारलं तर म्हणाला, "घरी बायको बोलून राह्यली, दुकानात मशीन बोलून राह्यली. म्हटलं, कोनीच बोलत नाही अशी जागा पाहून येतो. तुमी कायले आले?"

"हवापालट," मी म्हणालो.

"बाभुळगावले? मे महिन्यात?" तो इतकं मनापासून हसला की मलाही हसावं लागलं. माणूस मला आवडला. हे मुद्दाम लिहितो आहे. तो मला नकोसा वाटला असता तर ही गोष्ट लिहायला थोडी सोपी गेली असती.

सकाळी स्वामीजी तेवढे बोलत. एके सकाळी त्यांनी दोरी आणि सापाचं ते जुनं उदाहरण काढलं — अंधारात दोरी पडलेली, माणसाला साप दिसतो, भीती खरी, साप खोटा. हे मी कॉलेजात असल्यापासून ऐकत होतो. मी नाकातून हसलो. त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. स्वामीजी माझ्याकडे पाहून फक्त म्हणाले, "गुरुजींना साप दिसेल तेव्हा आपण विचारू." सगळं गोदाम न बोलता हसलं. मौनातलं हसू फार लागतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला मला साप दिसला.

सतरंजी सारखी करत होतो. सरकीच्या ढिगातून काळं काहीतरी निघालं आणि माझ्या वळकटीच्या मागे, ढिगाच्या कडेला शिरलं. दोर असेल? तिथं दोरच दोर होते. मी स्वतःला तसं सांगून पाहिलं. पण दोराच्या अंगावर पांढरे पट्टे नसतात, आणि दोर जात नाही. ती मण्यार होती. सरकीला उंदीर येतात, उंदरांमागे ती. हे इकडे शाळेतल्या पोरालाही कळतं.

हात वर करायचा होता. पाटीवर दोन अक्षरं लिहायची होती.

मी काय केलं? मला दिसत होतं ते एवढंच — सगळं गोदाम कंदील घेऊन दोर उलटंपालटं करतं आहे, काही सापडत नाही, आणि स्वामीजी हसताहेत. मी किसनरावाकडे गेलो. छातीवर हात ठेवला, खोकल्याची खूण केली, सरकीच्या धुळीकडे बोट दाखवलं, त्याच्या जागेकडे दाखवलं. नियम मोडत होता, पण तो लगेच उठला. माझी वळकटी त्यानंच उचलून आणली, मला खांबाशी बसवलं, आणि आपली पथारी ढिगाशी नेऊन अंथरली. जाताना माझ्या उतरलेल्या खांद्यावर थोपटलं.

मला वाटलं होतं की ती निघून जाईल. असं खरंच वाटलं होतं का? की वाटलं होतं असं आता लिहितो आहे?

पहाटेच्या घंटेला सगळे बसले. किसनराव पोत्याला टेकून होता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मान किंचित कललेली, ओठाच्या कडेला लाळेची तार. शिवणाऱ्या माणसाची बोटं स्वस्थ नसतात; त्याची ध्यानातही हलत. ती मांडीवर पडून होती. स्वामीजी उठून त्याच्यापुढे उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाहा. याला म्हणतात बुडणं."

लोकांनी हात जोडले. कुणीतरी मोगऱ्याचा हार आणून त्याच्या गळ्यात घातला. ज्या प्रकारावर हसायला मी आलो होतो तो माझ्या डोळ्यांपुढे चालला होता, आणि त्या गोदामात हे ध्यान नव्हे हे ठाऊक असलेला माणूस एकच होता. जिनाच्या मालकाची मोटार फाटकाशी उभी होती. यवतमाळचा दवाखाना फार लांब नव्हता. आता तर मला कुणी हसलं नसतं. पण विचारलं असतं — तुम्हाला कसं कळलं? आणि मग — जागा का बदलली?

मी डोळे मिटले. मांडी घातली. श्वास मोजला. त्या शिबिरात मी मनापासून केलेलं ध्यान तेवढंच.

एकदा डोळे उघडले. पापण्यांच्या फटीतून तो माझ्या दिशेनं पाहत होता. पाहत होता की नुसते डोळे तिकडे होते? पुढे मी वाचलं — वाचणं हाच माझा धंदा — की मण्यारीच्या विषानं आधी पापण्या उतरतात, मग जीभ जाते, मग हातपाय. पण शुद्ध बराच वेळ राहते. म्हणजे त्याला सगळं ऐकू येत असावं. घंटा, मोगऱ्याच्या हाराची सळसळ, "याला म्हणतात बुडणं." आणि माझं गप्प राहणं.

दुपारच्या आधी तो गेला. स्वामीजींनी सांगितलं, देह ठेवला. दवाखान्यात नेलं असतं तर वाचला असता का? माहीत नाही. नेलं नाही, एवढं माहीत आहे.

त्याची बायको पुसदहून आली. रडून झाल्यावर मला गाठून म्हणाली, "गुरुजी, तुमी तं त्याईच्या जवळच व्हते ना. खरं सांगा, तरास झाला काय त्याईले?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. शांत गेले. असं मरण मी पाहिलं नाही."

हे तिनं सगळ्यांना सांगितलं. आणि लोकांनी मानलं, कारण सांगणारा मी होतो. हा मास्तर कुणाला मानत नाही, तोही म्हणतो, मग खरंच असणार. जिनाच्या मालकानं तिथं चौथरा बांधला. दर वर्षी त्या दिवशी भजन होतं, हार-तुरे होतात, मंचावर खुर्च्या मांडतात. त्यांतली एक माझी. प्रत्यक्ष पाहिलेला म्हणून मला बोलायला उभं करतात. मी बोलतो. बरं बोलतो.

तो सदरा अजून ट्रंकेत आहे. खांदा तसाच.

यंदाचं बोलावणं कालच आलं. मी जाणार आहे. किसनरावाची बायको नेहमीप्रमाणे पुढेच बसलेली असेल, पदर सावरून, माझ्या तोंडाकडे बघत. मी उभा राहीन आणि शांत गेले म्हणून सांगेन.