राबाच्या धुरातली ट्रायल

सेन्सर पुन्हा बोंबलला, तेव्हा आमचे नाईकसर डोक्याला हात लावून दगडावरच बसले. सकाळपासून तिसऱ्यांदा. विषारी वायूचा मागमूस नव्हता. होता तो फक्त धूर, शेजारच्या शेतात पेटवलेल्या राबाचा.

“फायनल ट्रायलला लष्कराचे अधिकारी येणार, वैशाली. त्यांच्यासमोर हे असं झालं, की प्रोजेक्ट बंद. लॅब पुण्याला.”

मी केमिस्ट. मुरबाडच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये हा सेन्सर मी पहिल्या कागदापासून वाढवला. तो भंगारात जाऊ द्यायचा नव्हता मला.

नर्व्ह एजंट म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला करणारं रासायनिक अस्त्र. फवारणीच्या काही औषधांच्याच जातकुळीतलं, पण कैकपटीनं जहाल. कळेपर्यंत माणूस श्वासाला महाग होतो. म्हणून ते हवेत अगदी नावापुरतं असतानाच ओळखावं लागतं.

आमच्या सेन्सरमध्ये काचेवर पॉलिमरचा पातळ थर असतो. पॉलिमर म्हणजे रेणूंची लांबलचक साखळी. अतिनील दिव्याखाली तो थर चमकतो. लग्नाच्या जुन्या लायटिंगमध्ये एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची, आठवतं? तसंच. विषाचा एक रेणू साखळीत कुठेही चिकटला, की सगळी साखळी अंधारते आणि अलार्म वाजतो. कारण एवढंसं, पण खूण मोठी. यालाच आम्ही सिग्नल अ‍ॅम्प्लिफाय होणं म्हणतो. खरं विष आम्ही हाताळत नाही. ट्रायलला त्याच्यासारखं वागणारं, पण सौम्य असं डमी रसायन वापरतो.

अडचण अशी, की राबाच्या धुरातल्या आम्लांनीही आमची माळ मंद व्हायची. आणि ट्रायलचं मैदान वैशाखरे गावाजवळ, चारी बाजूंनी भातशेती. पावसाआधी शेण, पालापाचोळा, गवत पसरून, वर माती टाकून रोपांची जमीन भाजायची, हा राब. तो दर वर्षी होणारच.

“शेजारचं शेत तुझ्या काकांचं ना?” सर म्हणाले. “त्यांना सांग, ट्रायलच्या दिवशी पेटवू नका.”

संध्याकाळी गेले. “जयभीम काका,” म्हटलं आणि चाचरत विषय काढला.

“एवढंच ना? थांबू की आमी,” काका म्हणाले. “आजूबाजूच्यांना बी सांगतो. आमच्या पोरीची मशीन हाय, त्या दिवशी कुनी काडी लावायची नाय.”

काकी चहा गाळत होती. “तुजी मशीन लई नाजूक गो! धुरात चूल फुकाया तिला नाय जमायचं.”

मला हसू आलं आणि रागही. काकीचा नाही, माझ्याच मशीनचा. अख्ख्या गावानं श्वास रोखून धरला तरच चालणारं यंत्र काय चाटायचंय? उद्या खरा हल्ला झाला, तर तिथे धूर, धूळ, डिझेल, सगळंच असणार.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभी राहिले. “सर, एका थराशेजारी दुसरा बसवते. तोच पॉलिमर, फक्त विषाचा रेणू पकडणारा हूक त्याला नाही. धुरानं दोन्ही सारखेच मंद होतील. विषानं पहिला जास्त अंधारेल. दोघांतला फरक दिसला तरच अलार्म.”

“ट्रायल तोंडावर आलीय, वैशाली!”

“म्हणूनच आता करतेय.”

झालं. लॅबमध्ये गवत जाळून जाळून सगळ्यांना खोकला लावला. पहिले थर सोलून निघाले, पुढचे जाड झाले. शेवटी जमलं. लॅबमध्ये तरी. तशी परत काकांकडे गेले. “काका, त्याच दिवशी राब भाजा.”

“आता काय म्हनावं हिला! काल थांबा, आज पेटवा!”

सरांना सांगितलं तर ते ताडकन उठले. “वेड लागलंय तुला? मी मध्ये पडणार नाही. बुडालं तर तुझ्या नावावर.”

“चालेल,” म्हटलं.

ट्रायलच्या सकाळी धुराचा लोट सरळ मैदानावर आला. अधिकाऱ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, एकानं नाकाला रुमाल लावला. सेन्सर गप्प. सर माझ्याकडे बघेनात. मग बरोबरच्या मेजरबाईंनी स्वतः डमीचा थेंब कापसावर टाकून सेन्सरपुढे धरला. मी मनात म्हटलं, बोल गं बाई, आता बोल.

बोंबलला! असा बोंबलला, की बांधावरचे बगळे उडाले.

बाईंनी परत करायला लावलं. आधी नुसता धूर, मग धुरात डमी. नंतर धूर विरल्यावर स्वच्छ हवेत. एकदाही चुकला नाही.

“ये धुआँ आपने करवाया?” त्यांनी सरांना विचारलं.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. तक्रार म्हणून की कौतुक म्हणून, त्यांनाही ठाऊक नसावं.

“अच्छा किया,” बाई मला म्हणाल्या. “लोग हमें साफ़ हवा में दिखाकर चले जाते हैं।”

ट्रायल पास झाली. लॅब मुरबाडलाच राहिली. काका धुरानं काळवंडलेलं तोंड पुसत बांधावर आले आणि “आमच्या पोरीची मशीन,” असं मेजरबाईंनाही सांगून टाकलं. माझी छाती अशी भरून आली, की तो धुराचाही परिणाम असेल, असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

नव्या पोरांना मी एवढंच सांगते. ट्रायलसाठी परिस्थिती सोयीची करून घेतलीत, तर पास होते ती परिस्थिती. यंत्राची परीक्षा अजून बाकीच असते.