हिरव्या इंधनाचा लाल रंग

तुमच्या गाडीत जळणारं इंधन कुणाच्या हातून आलं, हे तुम्ही कधी विचारलंत?

काल पंपावर माझ्यापुढे एक नवी गाडी होती, पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणारी. मालक खुशीत म्हणाला, "इथेनॉलच भर रे. अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, पण पाप लागत नाही!"

शेजारी डिझेलसाठी उसाचा ट्रॅक्टर थांबला होता. मोळ्यांवर एक ऊसतोड बाई बसली होती. तिच्या हाताला बांधलेल्या फडक्यातून रक्त उसाच्या पांढऱ्या कापावर ठिबकत होतं.

"मावशी, खाली उतरा, दवाखान्यात चला!" मी ओरडलो.

"कोयता लागलाय, मरत न्हाई मी," ती हसली. "आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणून धरत्यात. मी बसले, तर ह्यांचंबी काम गेलं. टोळीचा मुकादम हाणतो ह्यांना."

मी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत ट्रॅक्टर निघाला.

पेट्रोलसाठी देश बेचिराख झाले, म्हणून उसापासून बनणारं इथेनॉल मला निर्मळ वाटायचं. पण त्याच्याही मुळाशी पोलादाचं पातं आहे. ते सपकन बसतं आणि समोर ऊस आहे की बोट, हे बघत नाही. गाडी मात्र दोन्ही इंधनं सारख्याच तहानेनं पिते.

पुढच्या वेळी पंपावर उसाचा ट्रॅक्टर दिसला, तर टाकी भरून तसेच निघू नका. वर बसलेल्या बाईचे हात बघा. रक्त दिसलं, तर मुकादमाशी भांडा आणि तिला तुमच्याच गाडीतून दवाखान्यात न्या.