उतारावरचा ब्रेक लाइट

उलव्याच्या जुन्या गावात, गावदेवीच्या उतारावर, मी एका गाडीच्या मागे आणि टेम्पोच्या पुढे उभी होते. हातात तापमानाचा मीटर. गाडी घरत काकांनी घरी बनवलेली, तिचे मागचे दिवे मी डिझाइन केलेले. टेम्पो त्यांच्या पुतण्याचा, वर डीजेचे बॉक्स. परवा काकांच्या मुलाचं लग्न. नवरा-नवरी देवीच्या पाया पडून याच गाडीतून घरी येणार होते, आणि मी उभी होते तिथं वऱ्हाड नाचणार होतं. आज ट्रायल.

मी महापेच्या एका छोट्या कंपनीत लाइट डिझाइन करते. काका रिटायर्ड फिटर. जुनी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणून सात वर्षं ठोकाठोक करत त्यांनी ही गाडी उभी केली. आरटीओच्या पासिंगचं विचारलं, तर म्हणाले, "गावातल्या गावात कसलं पासिंग, मॅडम!"

त्यांची अट एकच, दिवे उंच हवेत. "मधी मानसं नाचतील. मागच्या टेम्पोच्या डायवरला गाडी दिसनार नाय, दिवं दिसलं पायजेत."

मागच्या दिव्यात तोच लाल LED दोन कामं करतो. मंद पेटला तर 'गाडी इथं आहे'. झगझगीत पेटला तर 'ब्रेक दाबलाय'. LED चा वैरी म्हणजे उष्णता. म्हणून मी थर्मल कट टाकला होता. LED फार तापला की करंट आपोआप कमी होतो, तो मंद होतो आणि वाचतो. या सर्किटचा मला जरा गर्वच होता.

लॅबमध्ये टेस्ट केली ती दहा सेकंद ब्रेक चालू, दहा सेकंद बंद. हायवेवर हे ठीक. वरातीत एक गाणं संपेपर्यंत गाडी जागची हलत नाही, आणि उतारावर पाय ब्रेकवरून निघत नाही. खांदेश्वरला आमच्या सोसायटीखालून दर सीझनला वराती जातात. मी खिडक्या लावून घेते, म्हणून वरात कशी चालते ते कधी बघितलंच नव्हतं. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं.

वीस मिनिटं झाली. गाडी उभी, काकांचा पाय ब्रेकवर. मीटरचा आकडा चढत गेला आणि दिवे मंद झाले. सर्किट अगदी ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पुतण्याला वाटलं, ब्रेक सुटला, गाडी निघाली. त्यानं टेम्पो सोडला.

बंपर पोटरीला लागला तशी मी किंचाळले. त्यानं कचकन ब्रेक मारला.

"मानूस दिसत नाय का रं?" काका खाली उतरून ओरडले.

"तुमीच बोल्लाव ना, निस्ता दिव्याकडं बघ!"

"त्याची नाही, चूक माझी आहे," मी म्हटलं. परवा इथं लहान पोरं असणार होती, म्हाताऱ्या असणार होत्या. मला स्वतःची लाज वाटली.

काकांनी तापलेल्या दिव्याला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "साधं बल्ब लावू काय, मॅडम?"

तो प्रश्न टेम्पोपेक्षा जास्त लागला. "उद्या दुपारपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं.

ऑफिसात आमचे सर म्हणाले, "थर्मल कट काढलास तर LED जळतील."

"जळू देत, सर. पण जळेपर्यंत पूर्ण पेटतील."

थर्मल कट काढला. ब्रेकचे LED वेगळे केले, चार-चारच्या गटांत, म्हणजे एक गट गेला तरी बाकीचे चालू राहतील. मागे जाड ॲल्युमिनियमची प्लेट लावली. दुसऱ्या दिवशी उतारावर, भर उन्हात, काकांनी ब्रेक दाबून ठेवला. तीन तास. काकू त्यांना गाडीतच जेवण देऊन गेल्या. दिवे जराही मंद झाले नाहीत. यावेळी मागे टेम्पो ठेवला नव्हता, एवढी अक्कल आली होती.

लग्नानंतर काकांचा फोन आला. "डाव्या दिव्यातलं चार गेलं, मॅडम."

"आणि माणसं?"

"मानसांना काय धाड भरलीय? नाचून नाचून पाय सुजलेत."

सरांनी टेस्ट शीट पुढं ओढली आणि 'चार LED निकामी' याच्यापुढे 'फेल' लिहिलं. मी ते खोडून 'पास' लिहिलं आणि सही केली. तोवर मी फक्त दिवा वाचवायला शिकले होते. दिवा मागच्या माणसासाठी असतो, हे मला माझ्या पोटरीनं शिकवलं.