ओल्या दालनाची रिगमोर

रिगमोर क्रागने आयगिलचा दात पाडला तो एका दारावरून.

आमच्या बागेचे काचघर यूटलंड द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांच्या आड उभे होते. तळघरात बॉयलर. तिथे मी कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, टाकायचो. वर दालने. मधले, सर्वांत उंच, ते ओले दालन. तिथे वर्षभर एकच ऋतू: उष्मा, रोज दुपारी नळीने पाऊस, थंडी कधीच नाही. त्याच्या पश्चिमेला वाळवंटाचे दालन. ते दिवसा तापवायचे, रात्री गार होऊ द्यायचे, पाणी जवळजवळ नाहीच. पूर्वेला गवताळ मुलखाचे दालन. तिथे अर्धे वर्ष पाणी द्यायचे आणि अर्धे वर्ष तोडायचे, मग झाडे मुकाट्याने पाने टाकतात. त्यापलीकडे ऑलिव्ह आणि लिंबे. त्यांचा पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. आणि बाहेर, उत्तरेच्या भिंतीखाली, ग्रीनलंडहून आणलेल्या बोटभर उंचीच्या झुडपांचा वाफा. त्याला आमचा उन्हाळाच सोसत नसे. मला हे सगळे मुलूख फावड्यांवरून कळायचे. ओले दालन सर्वांत जास्त खायचे, बाहेरचा वाफा काहीच नाही.

दोन दालनांच्या मध्ये एक अरुंद खोली असे, तिला दोन्ही बाजूंना दार. दोन्ही दारे एकदम उघडायची नाहीत, हा आमचा पहिला नियम. ओली हवा वाळवंटात शिरली की निवडुंग बुडापासून सडतो. कोरडी हवा ओल्या दालनात गेली की कोवळी पाने करपतात. म्हणून हात लावण्याआधी ओरडायचे, "दार!" पलीकडे कोणी असेल तर त्याने ओरडायचे, "थांब!" उत्तर आले नाही म्हणजे पलीकडे कोणी नाही.

रिगमोर मासे खारवण्याच्या शेडमधून आमच्याकडे आली होती. खांदे रुंद, बोलणे तोडून टाकल्यासारखे. ओल्या दालनात तिने एक जायफळाचे झाड लावले होते. एका जहाजाच्या स्वयंपाक्याने तिला ताजे बी आणून दिले होते. ते जमिनीत रुजले, वाढले, छपराच्या काचेला टेकले. ते मादी निघाले. नर झाड नव्हते, म्हणून फळ धरत नसे. तिला त्याचे काही वाटत नसे. झाड जगले आहे, एवढे तिला पुरे होते.

आयगिल वाळवंट सांभाळायचा. कामाचा माणूस, पण जीभ वाईट. एकदा कॉफीच्या वेळी तो म्हणाला, "रिगमोर, तुझ्या झाडाला नवरा नाही, तुलाही नाही. दोघींना एकाच माणसात भागवता येईल. मी रविवारी मोकळा असतो."

तिने कॉफी संपवली, काळ्या पावाचा तुकडा संपवला. मग उठून मधल्या खोलीत गेली आणि दोन्ही दारे उघडून पायाने अडवून उभी राहिली. वाफ त्याच्या निवडुंगांवर गेली. तो धावत आला, तिला ढकलायला गेला, आणि तिने कोपराने त्याचा दात पाडला. त्याने तिला केसांना धरून दाराच्या चौकटीवर आपटले. मी आणि मुकादम मोलगोर, आम्ही त्यांना सोडवले.

"शेडमधली सवय इथे नको," मोलगोर म्हणाला.

"शेडमध्ये मेलेल्या माशांशी काम असायचं," ती म्हणाली. "ते इतकं बोलत नाहीत."

त्या दिवसापासून आयगिल "दार!" ओरडला, तर ती उत्तर देत नसे. त्याच्या दाराशी ती स्वतः ओरडतही नसे. थांबून कानोसा घ्यायची आणि उघडायची. एवढे दिवस निभावले.

जानेवारीत वादळ आले. पश्चिमेचा वारा आम्हाला नवा नाही. तो समुद्राची ऊब घेऊन येतो, मोडतोड करतो, पण गोठवत नाही. पूर्वेचा वारा काही मोडत नाही. तो रशियाकडून कोरडा येतो आणि सगळे गोठवतो. त्या सकाळी पश्चिमेचा होता, आणि एवढा की वाळू काचेवर छर्ऱ्यांसारखी येऊन आपटत होती. छपराच्या सगळ्या खिडक्या आम्ही आदल्या दिवशीच आवळून बांधल्या होत्या.

दुपारी आयगिलच्या पश्चिमेच्या भिंतीतली काच फुटली. वारा आत घुसला. कुंड्या लवंडल्या. भोक बुजवायला त्याला शिडी हवी होती, आणि शिडी ओल्या दालनात होती. तो दाराशी आला आणि ओरडला, "दार!"

उत्तर आले नाही. त्याने दार उघडले.

रिगमोरने काच फुटताना ऐकली होती. ती शिडी खांद्यावर घेऊन त्याच्याकडेच निघाली होती. सवयीप्रमाणे उत्तर न देता तिने त्याच क्षणी आपले दार उघडले.

वारा दोन्ही दारांतून सरळ आत गेला. ओल्या दालनातून त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून त्याने छप्पर उचलले. मी तळघरात होतो. आधी पाईपांतून घरघर आली, मग वर एक मोठा आवाज झाला. मी वर पोचलो तेव्हा काच अजून पडत होती. मोठे तुकडे उभे येत आणि केळीची पाने उभी चिरत जमिनीत रुतत. आयगिल मधल्या खोलीत गुडघ्यांवर होता. कपाळापासून गालापर्यंत त्याचा चेहरा चिरला होता. रिगमोरच्या पाठीवरचे कापड लाल झाले होते. तरी ती जायफळाच्या बुंध्याशी उभी राहून वर बघत होती. वर आभाळ होते.

आयगिल उठला आणि तिच्यावर धावून गेला. "मी ओरडलो होतो! बहिरी आहेस? ओरडलो होतो मी!"

"ऐकलं मी."

"मग?"

तिने शिडी त्याच्या छातीवर फेकली. तो काचांत पडला, उठला आणि त्याने तिच्या तोंडावर मुठीने मारले. तीही पडली. दोघे चिखलात, काचांत, एकमेकांचा गळा धरून लोळत राहिले. मी फावड्याचा दांडा मध्ये घातला तेव्हा सुटले. दोघांचे हात सोलून निघाले होते.

मोलगोर आला. त्याने वर पाहिले, मग वाऱ्याकडे तोंड केले. वारा वळू लागला होता. "सकाळपर्यंत पूर्वेचा येणार," तो मला म्हणाला. "लॉरिट्स, या दालनाचा व्हॉल्व्ह बंद कर. आभाळ तापवत बसलो तर बाकीची दालनंही जातील."

तो बरोबर बोलत होता. पाणी बॉयलरमधून आधी ओल्या दालनात जायचे आणि तिथून पुढे. इथे थंड झाले की लिंबांपर्यंत थंडच पोचणार. पण व्हॉल्व्ह बंद केला की जायफळ मेलेच. निवडुंग कोरडा असेल तर रात्रीचा गारठा सोसतो, त्याच्या मुलखात रात्री गारठा असतो. जायफळाच्या मुलखात नसतो. ते कुंडीतही नव्हते की उचलून नेऊ.

"बंद करा," रिगमोर म्हणाली. आम्हाला वाटले होते ती भांडेल. "पण माती वाफवायचा बॉयलर मला द्या. झाडाभोवती तंबू ठोकते."

"तो गंजलाय. फुटेल."

"फुटू दे."

"नाही म्हटलं ना."

तिने माझ्या हातातला दांडा काढून घेतला आणि मोलगोरच्या पोटात घातला. तो खाली बसला. श्वास आला तेव्हा म्हणाला, "तुझं काम संपलं इथलं."

"उद्या," ती म्हणाली. "आज आहे."

मी व्हॉल्व्ह बंद केला. ती बागेच्या शेडमधून तो छोटा बॉयलर, कीड मारायला आम्ही मातीत वाफ सोडायचो तो, ओढू लागली. चाके चिखलात रुतली. आयगिलने तोंडाला फडके बांधले आणि मागून खांदा लावला. ती मागे वळून म्हणाली, "नीट लाव, चुंबन घेतोयस का त्याचं?"

"ओढ तू, घोडे."

झाड तंबूपेक्षा उंच होते. रिगमोर कुऱ्हाड घेऊन वर चढली आणि तिने त्याचा शेंडा तोडला. ओली, वासाची फांदी खाली पडली. ती उतरली तेव्हा तिच्या ओठांतून रक्त येत होते, ते मारामारीचे की चावल्याचे, मी विचारले नाही. आम्ही खांब रोवले, ताडपत्री ओढली. आयगिलने आपल्या निवडुंगांवरच्या गवताच्या चटया आणल्या. मग निवडुंगांचे काय, असे मी विचारले. "ते कोरडे आहेत," तो म्हणाला. बुंध्याभोवती चटया गुंडाळून झाल्या.

वाफ सरळ झाडावर सोडली तर ते शिजेल. म्हणून नळीचे तोंड पाण्याच्या टाकीत बुडवून धरावे लागे. पाणी तापते, पाण्याने तंबू तापतो. नळी आत उसळ्या मारते, दोन हातांनी दाबून धरावी लागते. रिगमोरने ती धरली. मी कोक टाकत होतो. कोक टाकणे हे काम मला येते, आणि तेव्हा मी ते जमेल तितके चांगले केले. अंधार पडता पडता जोडावरची पट्टी तुटली आणि नळीने तिच्या उजव्या हाताला खांद्यापर्यंत वेटोळे घातले. ती किंचाळली. तो आवाज मला आजही ऐकायला नको वाटतो. पण तिने नळी सोडली नाही, कारण सोडली असती तर ती बुंध्यावर गेली असती. आयगिलने पोत्यात हात गुंडाळून नळी तिच्या मुठीतून सोडवली. कातडी नळीला चिकटून आली.

तिला गाडीत घालून दवाखान्यात नेले. आयगिलने नळी धरली. पहाटे पूर्वेचा वारा आला. काच बसवणारे आले तोपर्यंत आम्ही आळीपाळीने धरत होतो.

मोलगोरने शब्द मागे घेतला नाही. ती परत आली तेव्हा तिच्या जागी कोणी नवे नव्हते, आयगिललाच दोन्ही दालने दिली होती. तिचा उजवा हात कोपरात सरळ होत नव्हता. ती सुतळी वळणाऱ्या कारखान्यात लागली, डाव्या हाताच्या कामावर. आणि रविवारी तिकीट काढून ओल्या दालनात यायला लागली.

जायफळाने सगळी पाने टाकली होती. नुसता खुंट उभा होता. "उपटून टाक," मोलगोर आयगिलला सांगायचा. आयगिल "उद्या" म्हणायचा.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी पाईप तपासायला वर होतो. रिगमोर दोरीच्या पलीकडे, पाहुण्यांच्या वाटेवर उभी होती.

"गार पाणी घातलंस त्याला," ती म्हणाली. "मूर्ख. वाळवंटी गाढवा."

"कोमट घातलं."

"बुंध्यावर घातलंस. लांब घाल."

"तिकीट काढलंयस ना? मग बघ आणि चालती हो."

तिने दोरी ओलांडली. पाहुण्यांसमोर तिने डाव्या हाताने त्याची कॉलर धरली आणि त्याला टाकीच्या कठड्यावर दाबले. त्याने तिचा चांगला हात पिरगाळला. मी पुढे झालो, तेवढ्यात आयगिल धापा टाकत म्हणाला, "मागून बघ. मागच्या बाजूने बघ आधी, बाई."

तिने त्याला सोडले नाही. कॉलर धरूनच त्याला ओढत ती झाडाच्या मागे गेली. बुंध्याच्या उत्तरेला, कुऱ्हाडीच्या घावाच्या बरेच खाली, साल फाडून तीन कोंब आले होते. वरचे दोन लालसर, ओले. तिसरा नखाएवढा.

ती बघत राहिली. मग तिने कॉलर सोडली.

"खालचा खुड," ती म्हणाली. "तिन्ही पोसवणार नाहीत त्याला."

"आज?"

"आत्ता. माझ्यादेखत. आणि नखाने नाही, चाकूने."